फिरता मिस्त्री

विक्रम ढाकणेचं गॅरेज बेटेगावात, बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. समोर काशीबाईची चहाची टपरी, शेजारी पंक्चरवाला, आणि दिवसभर एमआयडीसीतून हायवेकडे धावणाऱ्या ट्रकांची धूळ. वारा पश्चिमेचा असला की कारखान्यांचा एक आंबूस वास येतो. नव्या माणसाचे डोळे चुरचुरतात, जुन्याला वास आल्याचंही कळत नाही. विक्रम जुना झाला होता. बीडकडून कंपनीत नोकरीला म्हणून आला, कंपनी बंद पडली, तेव्हा तिथे मेंटेनन्सला शिकलेलं घेऊन त्याने हे गॅरेज टाकलं. हात चांगला होता. जीभ त्याहून चांगली होती, आणि निम्मं गॅरेज त्या जिभेवरच चालायचं.

पण विक्रम लुच्चा नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक पटकन तसं म्हणून मोकळे होतात. कामात चालढकल, बोलण्यात थोडं तेल, एवढंच. आपल्यातले पुष्कळ जण त्याच वजनात बसतील.

त्या वर्षी अष्टमीच्या दुपारी वाणगावच्या मितेश सावेने आपली पांढरी गाडी आणून लावली. मितेशची मिरचीची वाडी, सोबत थोडी चिकूची झाडं. दसऱ्याला दारात गाडी हवी, तिची पूजा करायची, म्हणून घाई. विक्रमने पुढचं चाक काढलं आणि ब्रेकचे पॅड बघितले. पार घासून गेले होते. अजून थोडे दिवस आणि पत्र्यावर पत्रा. बोईसरच्या दुकानात त्या गाडीचे पॅड नव्हते, दसऱ्यानंतर येणार होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी विक्रम पान्याला हात लावत नाही. आदल्या रात्री सगळी हत्यारं रॉकेलने धुवायची, सकाळी तांबड्या कापडावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत उचलायची नाहीत. नोकरी गेली तेव्हा याच पान्यांनी घर चालवलं, एवढी जाणीव त्याला होती. इतर वेळी काही बोलला तरी यात तो कधी खोटेपणा करत नसे.

नवमीच्या संध्याकाळी मितेश आणि त्याचे वडील अण्णा गाडी न्यायला आले. विक्रमने गाडी चकाचक धुतली होती, बॉनेटवर झेंडूचा हार घातला होता. बिलात नवे पॅड आणि ते बसवल्याची मजुरी लावली होती. दसऱ्यानंतर काहीतरी निमित्त काढून गाडी बोलवायची आणि गुपचूप पॅड टाकायचे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. अण्णा पूजेसमोर बसून प्रसादाचा शिरा खाऊन गेले. मग दिवाळीची गर्दी झाली आणि मनाशी ठरवलेलं मनातच राहिलं.

दिवाळी सरल्यावर दोघं बापलेक परत आले. या वेळी प्रसाद खायला नव्हते आले.

"नवे पॅड टाकले म्हनता, मंग कुईकुई वाजतात कशे?" मितेशने बिलाचा कागद बाकावर आपटला. "पायडल पार खाली जातो. आमी काय अडानी वाटलो तुमाला?"

"नवे पॅड सुरुवातीला वाजतातच. बसायला वेळ लागतो त्यांना."

"आन जुने कुठं हायत?"

हा प्रश्न वाईट होता. आपल्याकडे गॅरेजवाला बदललेला जुना पार्ट कागदात गुंडाळून डिकीत ठेवतो. गिऱ्हाईक तो घरी जाऊन फेकून देतं, पण ठेवायचा असतो. विक्रम काहीतरी बोलणार, तोच अण्णा पुढे आले. ते आवाज चढवणारे नव्हते.

"मी सांगतो विक्रम. अष्टमीला गाडी दिली तवा तू म्हनलास, सामान बोईसरवरून यायचंय. नवमीला मी आलतो. हितंच बसून परसाद खाल्ला. तुझी सगली हत्यारं तांबड्या कापडावर होती, हळदकुंकू लावलेली. मंग पॅड टाकले कवा? आन कशानं टाकले?"

डेंटिंग करणारा कमलेश हातोडा खाली ठेवून बघत राहिला. तो दसऱ्याला गावी गेलेला, त्याचं नाव पुढे करायची सोय नव्हती. आणि नेमका त्याच वेळी धीरज तिथे उभा होता. धीरजच्या पिकअप गाड्या कारखान्यांना माल पोचवायच्या. त्या सगळ्यांचं काम विक्रमला द्यायचं की नाही, हे ठरवायला तो आला होता. विक्रमचे कान तापले. आत्ता 'चुकलं' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. हे त्याला त्या क्षणीसुद्धा कळत होतं.

"मी कुठं म्हणतोय मी टाकले?" तो म्हणाला. "बन्सीनं टाकले."

"बन्सी कोन?"

"फिरता मिस्त्री आहे. ब्रेक, क्लच, असलीच कामं करतो. स्वतःची हत्यारं स्वतःच्या पिशवीत. पूजाबिजा काही पाळत नाही तो. नवमीला सकाळी आला, येताना पॅड घेऊन आला, काम करून गेला. जुने पॅड भंगारात घालायला घेऊन गेला तो."

"आमी तर नाय बघितला कदी," मितेश म्हणाला.

"आज इथं, उद्या तिथं. उंच आहे, जरा वाकून चालतो. फार बोलत नाही."

गावाकडे बन्सी पुष्कळ होते. त्यातलाच एक जिभेवर आला असेल. पण उंची, वाकून चालणं, अबोलपणा, हे सगळं इतकं सरळ बाहेर पडलं की विक्रमला स्वतःलाच बरं वाटलं.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले. "चुकलं माजं. म्हातारपनी संशय फार येतो. पोराला उगाच भांडायला घेऊन आलो."

विक्रमला वाटलं, त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मितेश वाडीतल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी ठेवून गेला. विक्रमच्या बायकोने, उषाने, त्यांचा ठेचा केला. विक्रमला तो गिळवेना. तिखट झालाय, म्हणून त्याने ताट सरकवलं.

धीरजच्या गाड्या मात्र आल्या. काम वाढलं. पॅड टाकायचे राहिले आहेत हे रोज सकाळी शटर उघडताना आठवायचं, आणि मग एखादी गाडी समोर यायची.

एके दिवशी काशीबाई चहा देताना म्हणाली, "तुजा बन्सी येऊन गेला. बिनसाखरेचा मागतो. आनि किती वाकून चालतो रं, कंबर दुखत आसल."

विक्रम हसला. भांडण तिने टपरीतून ऐकलं असणार, आता थट्टा करतेय. काशीबाईची जीभही काही कमी नव्हती. पण ती हसत नव्हती. ती गाळणं आपटून चहाची पूड काढत होती.

पुढच्या आठवड्यात विक्रम बोईसरहून सामान घेऊन आला तर कमलेश म्हणाला, "बन्सी भाई आये थे. आप नहीं थे तो चले गये."

"कोण बन्सी?"

"वही, आपके फिरतीवाले. मैंने तो पहली बार देखा. आदमी शरीफ है."

विक्रमने विचार केला. तो विचार करणारा माणूस होता. गॅरेजात भांडण झालं, चारचौघांनी ऐकलं, आणि एखाद्या हुशार मिस्त्रीने ते नाव उचललं. कामं मिळवायला लोक काय काय करतात. उंच आणि वाकलेला माणूस शोधायला कुठे लांब जावं लागतं? या हिशेबाने त्याला जरा हायसंच वाटलं. म्हणजे बन्सी आता खरोखरच कुणीतरी होता, आणि आपण तितकंसं खोटं बोललो नव्हतो.

मग धीरजचा फोन आला. एक पिकअप नाक्यावर बंद पडली होती, बन्सी नेमका तिथून चालला होता, त्याने तिथेच क्लचप्लेट टाकून दिली. "माणूस आहे का कोण! रस्त्यात बसून क्लच? तुझ्या हाताखाली असा माणूस आहे, आणि तू बोलला नाहीस."

क्लचप्लेट रस्त्यात बसून टाकता येत नाही. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. विक्रम दुपारी धीरजच्या शेडवर गेला, पिकअपखाली उताणा सरकला आणि बॅटरी मारली. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून बसला होता. त्यावर पान्याचा ओरखडासुद्धा नव्हता.

"बस, चक्कर मारू," धीरज म्हणाला. त्याने गाडी काढली. इंजिन किंचाळलं, गाडी जागची जेमतेम हलली, जळका वास केबिनभर पसरला. विक्रमने नाकाला रुमाल लावला.

"बघ," धीरज खुशीत म्हणाला, "लोण्यासारखी चालते."

विक्रमने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे थट्टेचा मागमूस नव्हता. रुमाल बघून तो म्हणाला, "सर्दी झाली का रे?"

तिथेच सांगायचं होतं. पण क्लच बदललेला नाही हे सांगायचं, तर बन्सी कोण, कुठून आला, हेही सांगावं लागलं असतं. विक्रम हो म्हणाला, सर्दीच झालीय, आणि घरी आला.

येताना सबंध रस्ता त्याला एकच दिसत होतं: पांढऱ्या गाडीचं पुढचं चाक. धीरजची पिकअप फार तर जागेवर बंद पडेल. ब्रेकचं तसं नसतं. त्याने मितेशला फोन लावला. गाडी घेऊन या, एकदा बघून घेतो, काही द्यायचं नाही.

"कशाला? बन्सीभाऊ कालच येऊन गेले," मितेश म्हणाला. "चाक हात लावून बघितलं. बोलले, फस्क्लास हाय. रविवारी जव्हारला चाललोय, कीर्तीच्या माहेरी. सगली जनं."

जव्हार. जाताना चढ, आणि येताना तोच घाट उतरायचा.

त्या संध्याकाळी विक्रमने उषाला सगळं सांगितलं. बिल, नवमी, अण्णांचे जोडलेले हात. बन्सी नावाचं कुणी नाही, मी तोंडाला येईल ते बोललो, हेही सांगितलं. उषा ऐकत राहिली.

"जाऊन पाय धरा त्यांचे," ती म्हणाली. "लेकराबाळांची गाडी आहे ती. अजून वेळ गेलेली नाही."

"जातो. परवा, रविवारी सकाळी ते निघायच्या आत पोचतो. पॅड उद्याच आणून ठेवतो."

"जा. पण बन्सीभाऊंना कशाला मध्ये ओढता? भला माणूस आहे तो."

विक्रमने वर बघितलं. ती तांदूळ निवडत होती, बोटाने खडे बाजूला सारत होती. त्याला पुढे काही विचारायची हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी पाने, जॅक आणि नव्या पॅडचा डबा पिशवीत घालून तो मोटारसायकलवर वाणगावला पोचला. वाडीत मिरचीवर दव होतं, पाटाचं पाणी वाजत होतं. अंगणात पांढरी गाडी निघायच्या तयारीत उभी होती. मितेशची बायको कीर्ती डिकीत चिकूची टोपली ठेवत होती, तिची पाच वर्षांची मेघाली पायरीवर बसून बुटाचा बेल्ट लावत होती. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. विक्रमला बघून ते उठून उभे राहिले.

त्याने खरोखरच पाय धरले. "अण्णा, मी खोटं बोललो. मी पॅड टाकलेच नाहीत. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. बन्सी नावाचं कुणी नाही. ही गाडी घाटात नेऊ नका."

मग मितेश हसला.

"काय हो, भांडान झाला का दोघांचा? तो तुमाला सोडून गेला म्हनून त्याचं नाव खराब करता?"

"चाक काढून दाखवतो. तुम्हीच बघा."

मितेशने खांदे उडवले. विक्रमने जॅक लावला, चाक काढलं. पॅड आता राहिलेच नव्हते. मागचा पत्रा डिस्कवर घासून घासून तिला खोल चऱ्या पडल्या होत्या. त्यांच्या कडा कोवळ्या उन्हात चमकत होत्या.

"बघा."

मितेश वाकला. त्याने नीट बघितलं. "नवंकोरं तर हाय."

"अण्णा, तुम्ही बघा. हात लावून बघा."

अण्णांनी बोट पुढे केलं आणि डिस्कवरून सावकाश फिरवलं. बोटाचं टोक कापलं. रक्ताचा थेंब फुगला आणि मनगटाकडे ओघळला.

"गुलगुलीत हाय," अण्णा म्हणाले.

"अण्णा, रक्त येतंय."

अण्णांनी बोटाकडे बघितलं आणि हात धोतराला पुसला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मला अर्धा तास द्या. फुकट टाकून देतो. पॅड आणलेत मी." त्याने डबा उघडून दाखवला.

"बन्सीभाऊ बोललेच व्हते," कीर्ती डिकी लावत म्हणाली, "तुमी येनार. परत कायतरी काढनार."

मितेशने त्याच्या हातातला पाना घेतला. रागाने नव्हे, समजूत घालावी तसा. स्वतःच चाक बसवलं, नट आवळले, जॅक उतरवून पिशवीत भरून दिला. "ऱ्हाऊ द्या आता. झालं गेलं. आमच्या मनात काय नाय."

सगळे बसायला लागले. कीर्ती मागे बसली, मेघाली तिच्याजवळ. अण्णांचे गुडघे दुखतात, ते नेहमी पुढे बसायचे. आज तेही वाकून, कण्हत मागे शिरले.

"अण्णा, पुढं बसा ना. जागा आहे."

"कुठं?" अण्णांनी विचारलं आणि दार ओढून घेतलं.

विक्रम गाडीपुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरले. गाडी सुरू झाली. मितेशने हॉर्न वाजवला, मान हलवली, आणि गाडी पुढे आली. अंगणाला उतार होता. ती वेग घेत आली. विक्रम हलला नाही. झालंच काही तर आपलं व्हावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मितेशने ब्रेक दाबला.

गाडी त्याच्या गुडघ्यापाशी थांबली. आवाज नाही, गचका नाही. नवे पॅड असलेली गाडी थांबते तशी.

विक्रमने श्वास सोडला. मगाशी डोळ्यांनी बघितलेल्या त्या चऱ्या त्याला आता तेवढ्या स्पष्ट आठवेनात. ऊन तिरपं होतं. असेल. पडले असतील नवे. कुणीतरी टाकले असतील. काय हरकत आहे? जिवात जीव आला, आणि त्या सुटल्यासारख्या क्षणात त्याचे पाय आपोआप बाजूला झाले.

गाडी त्याच्या अगदी जवळून गेली.

पुढची डावी सीट रिकामी होती. तिचा पट्टा ओढून, खाली खटक्यात अडकवलेला होता. मध्ये तो सीटला टेकला नव्हता. एखाद्या पोक काढून बसलेल्या माणसाच्या छातीवरून जावा तसा तो पुढे फुगून ताणलेला होता, आणि हळूहळू वरखाली होत होता.

"थांबा!" विक्रम ओरडला. "मितेश! मीच खोटा आहे! थांबा!"

तो धावला. पायात पिशवी अडकून पडला, पाने अंगणभर विखुरले, उठून परत धावला. वाडीच्या फाटकापाशी रस्त्याचं वळण होतं. तिथे गाडीचे मागचे लाल दिवे लागले.

आणि आता आवाज आला. पत्र्यावर पत्रा. लांबलचक, दात शिवशिवणारा, झाडांवरचे पक्षी उडावेत एवढा.

मितेशची मान सरळ होती. अण्णा कीर्तीशी काहीतरी बोलत होते, कीर्ती हसत होती.

मागच्या काचेतून फक्त मेघाली त्याच्याकडे बघत होती. तिने दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते.